लिंकन यांच्या दुकानाविषयी : राज्यातल्या मुख्याध्यापकांना खुलं पत्र

आदरणीय मुख्याध्यापक,



आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर बहुधा ती तसबीर असेलच. अब्राहम लिंकन यांनी आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र. माझ्या शाळेतही होती. सातवीत असताना एका शनिवारी परिपाठाला ते मला मोठ्यानं वाचायला लावलं होतं. ते वर्ष मला विसरता येत नाही, कारण त्याच वर्षी आमचं किराणा दुकान बंद पडलं. वडिलांनी एकदा दुकानाच्या फळ्या लावल्या त्या पुन्हा काढल्याच नाहीत. घाऊक व्यापाऱ्याची माणसं तराजू आणि तेलाचे रिकामे पिंप टेम्पोत घालून घेऊन गेली. गावात सगळ्यांना माहीत होतं, वर्गातही. हरणं कसं स्वीकारावं हे मुलाला शिकवा, अशा अर्थाचं त्या पत्रात जे येतं, ते वाचताना माझा आवाज अडकला आणि मागच्या बाकांवरून कुजबूज ऐकू आली.

आमचे मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. पण ज्याच्या नावाचं पत्र मी वाचत होतो त्याचंही एका लहानशा गावात दुकान होतं, तेही उधारीत बुडालं होतं आणि त्याच्याही वस्तूंचा लिलाव झाला होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असतं आणि त्यांनी त्या दिवशी दोन मिनिटं बोलून सांगितलं असतं, तर मी त्या मैदानावरून वेगळ्या मनानं वर्गात गेलो असतो. हे पत्र त्यासाठी आहे.

आधी त्या तसबिरीबद्दल. ते पत्र लिंकन यांचं नाही. त्यांचं उपलब्ध लेखन आणि पत्रव्यवहार 1953 साली आठ खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात किरकोळ कायदेशीर चिठ्ठ्यासुद्धा आहेत, पण हे पत्र नाही. त्याची मूळ प्रत कुठेही सापडलेली नाही. मराठीत ते इतकं रुजलं याचं श्रेय वसंत बापटांना आहे. त्यांनी त्याला जी लय दिली तिच्यामुळे ते आपल्या तोंडी बसलं. म्हणून तसबीर काढा असं मी म्हणणार नाही. खाली लिंकन यांचं नाव आहे तिथे बापटांचं नाव मोठं करा आणि मुलांना खरं काय ते सांगा. जे पत्र सत्याचा आग्रह धरायला सांगतं, त्याच्याच खाली चुकीचं नाव असणं मला सहन होत नाही.

आणि मग दुकानाची गोष्ट सांगा. ती पूर्ण खरी आहे आणि तिच्यात तसबिरीपेक्षा जास्त काही आहे.

एप्रिल 1831. इलिनॉय राज्यात सँगमन नदीवर न्यू सेलम नावाचं गाव वसून जेमतेम दोन वर्षं झाली होती. ओंडक्यांची थोडीशी घरं, एक गिरणी आणि गिरणीचा बंधारा. त्या बंधाऱ्यावर माल भरलेला एक सपाट तराफा अडकला. तराफ्यावर बावीस वर्षांचा उंच, किडकिडीत लिंकन होता. त्यानं थोडा माल किनाऱ्यावर उतरवला, तराफ्याच्या पुढच्या टोकाला भोक पाडून आत साचलेलं पाणी जाऊ दिलं, भोक बुजवलं आणि तराफा पार केला. मालाचा मालक डेंटन ऑफट याला हा मुलगा आवडला. न्यू ऑर्लिन्सची खेप करून लिंकन परतला तो ऑफटच्या नव्या दुकानात नोकर म्हणून. तोपर्यंत त्याचं सगळं शालेय शिक्षण एकत्र मोजलं तर एक वर्षसुद्धा भरत नव्हतं, असं त्यानंच पुढे लिहून ठेवलं आहे.

दुकानात बसणाऱ्याला गाव कळतं. कुणाच्या घरी पीक आलं, कुणाचं गेलं, कोण शब्दाला पक्का आणि कोण फक्त बोलतो, हे सगळं गल्ल्याच्या या बाजूला उभं राहिलं की आपोआप समजतं. माझ्या वडिलांना तालुक्यातली निम्मी घरं अशीच माहीत होती. ऑफटचं दुकान वर्षभरही टिकलं नाही, पण तेवढ्या काळात लिंकन गावाच्या ओळखीचा झाला. मार्च 1832 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यानं राज्याच्या विधिमंडळासाठी आपली उमेदवारी जाहीर केली.

ते जाहीर निवेदन आजही वाचता येतं. त्यातले तीन मुद्दे मला फार जवळचे वाटतात. एक, सँगमन नदी होड्यांसाठी मोकळी करावी, म्हणजे या भागातला माल बाजारात जाईल आणि बाहेरचा येईल. दुसरा, व्याजाचे अवाच्या सवा दर मूठभर लोकांच्या फायद्याचे आणि बाकीच्यांना बुडवणारे आहेत, त्यांना कायद्यानं लगाम घालावा. तिसरा, शिक्षण हा लोकांनी हाती घ्यावा असा सर्वांत महत्त्वाचा विषय आहे. नदी, व्याज आणि शाळा. दुकानाच्या ओट्यावर बसून गावाची नड बघितलेल्या माणसाचा हा जाहीरनामा आहे, त्यात एकही शब्द आकाशातून आलेला नाही. शेवटी त्यानं असंही लिहिलं की निवडून दिलं नाहीत तर मला फार धक्का बसणार नाही, निराशा माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

झालं तसंच. ब्लॅक हॉक युद्धात स्वयंसेवक म्हणून काही आठवडे गेल्यामुळे प्रचाराला वेळ मिळाला नाही. तेरा उमेदवारांत तो आठवा आला. पण न्यू सेलमच्या मतदान केंद्रावर त्याला 277 मतं होती, तिथली जवळपास सगळीच. ज्यांनी त्याला रोज पाहिलं होतं त्यांनी त्याला निवडलं. बाहेर त्याला कुणी ओळखत नव्हतं.

आता हातात काम नव्हतं. लोहारकी शिकावी का असा विचार त्यानं केला होता. तेवढ्यात एका दुकानाचा अर्धा हिस्सा उधारीवर मिळाला. भागीदार विल्यम बेरी. थोड्याच दिवसांत गावातल्या दुसऱ्या दुकानातला मालही या दोघांनी घेतला, तोही उधारीवर. या व्यवहारात रोकड जवळजवळ नव्हतीच, नुसत्या सह्या होत्या.

इथे थोडं थांबून मुलांना ही पद्धत समजावून सांगावी अशी माझी विनंती आहे, कारण ती आपल्याकडच्या मुलांना पुस्तकाबाहेरही भेटते. त्या काळी त्या भागात नाणी फार थोडी. लोक एकमेकांना अमुक मुदतीत अमुक रक्कम देईन अशी वचनचिठ्ठी लिहून देत. ती चिठ्ठी घेणारा ती पुढे दुसऱ्याला आपल्या देण्यापोटी देत असे. तुम्ही चिठ्ठी शेजाऱ्याला दिलेली असते, तो सांभाळून घेईल म्हणून, आणि एक दिवस ती अनोळखी माणसाच्या हातात निघते. त्याला तुमच्या घरच्या परिस्थितीशी काही देणंघेणं नसतं. आमच्या वडिलांचं असंच झालं होतं. लिंकन यांचंही तसंच झालं.

दुकान चाललं नाही. बेरी दारूच्या आहारी गेला होता आणि लिंकन पुस्तकाच्या. दुकानात आडवा होऊन वाचत पडलेला दुकानदार गिऱ्हाइकांच्या आठवणीत राहिला आहे. मार्च 1833 मध्ये बेरी आणि लिंकन यांच्या नावे पेल्यानं दारू विकण्याचा परवानाही निघाला होता. हे झाकू नका. पुढे 1858 च्या गाजलेल्या वादसभांत त्यांचे प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस यांनी या दुकानदारीवरून टोमणा मारला होता, आणि दारूचं दुकान आपण कधीच चालवलं नाही असं लिंकन यांचं उत्तर होतं. परवाना आहे, नकारही आहे. आठवी-नववीच्या मुलांना हे दोन्ही समोर ठेवून विचार करू द्या.

थोड्याच काळात दुकान विझलं. जानेवारी 1835 मध्ये बेरी वारला. देणं सुमारे 1100 डॉलरचं होतं. भागीदाराच्या वाट्याचंही लिंकन यांनी आपल्या अंगावर घेतलं. त्या सरहद्दीच्या मुलखात अशा वेळी रातोरात गाडी जुंपून पश्चिमेकडे निघून जाणं सर्रास होतं, शोधायला कुणी येत नसे. लिंकन राहिले. मित्रांत ते या कर्जाला राष्ट्रीय कर्ज म्हणत, कारण ते फिटेल असं दिसतच नव्हतं.

लिंकन यांचा प्रामाणिकपणा सांगताना आपण सगळे एक गोष्ट सांगतो, काही सेंट जास्त घेतले गेले म्हणून ते गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत चालत गेले ती. ती आठवणींतून आलेली गोष्ट आहे, खरी असेलही. पण एका संध्याकाळी चालत जाणं आणि वर्षानुवर्षं दर मिळकतीतून थोडं थोडं बाजूला काढून देणं यांत फरक आहे. दुसरं फार कंटाळवाणं असतं, त्यात कुणी पाहत नसतं, टाळ्या नसतात. माझ्या आईनं आमचं देणं अकरा वर्षांत फेडलं. मला विचाराल तर कर्जाची ही गोष्ट आधी सांगा.

मे 1833 मध्ये लिंकन गावचे पोस्टमास्तर झाले. त्या वेळी पत्राचे पैसे सहसा पत्र घेणारा देई. टपाल आठवड्यातून एकदा येई, आणि कुणी पत्र न्यायला आला नाही तर लिंकन ते आपल्या टोपीत ठेवून त्याच्या घरी नेऊन देत. वर्षाची कमाई पन्नास-साठ डॉलरच्या आसपास. पण येणारी वर्तमानपत्रं आधी वाचायला मिळत. त्याच वर्षी जिल्ह्याचे मोजणी अधिकारी जॉन कॅल्हून यांच्या हाताखाली मोजणीदाराचं काम मिळालं. कॅल्हून विरुद्ध पक्षाचे होते, तरी त्यांनी याला घेतलं. लिंकन यांना मोजणी येत नव्हती. पुस्तकं आणून, गावच्या मास्तरांना, मेंटर ग्रॅहम यांना, सोबत घेऊन ते शिकले आणि कंपास नि साखळी घेऊन रानोमाळ फिरू लागले. या मास्तरांचं नाव मुद्दाम लिहितो आहे. हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र खोटं असेल, पण मेंटर ग्रॅहम खरे होते.

याच सुमारास एका वचनचिठ्ठीचा दावा कोर्टात गेला आणि निकाल लिंकन यांच्या विरुद्ध लागला. घोडा, खोगीर, मोजणीची साधनं, म्हणजे पोट भरायचं जे काही होतं ते सगळं लिलावात निघालं. जेम्स शॉर्ट नावाच्या शेतकऱ्यानं बोली लावून ते घेतलं आणि लिंकन यांना परत दिलं. पैसे नंतर फिटले. पण राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, शॉर्ट कॅलिफोर्नियात अडचणीत आहेत हे कळलं तेव्हा लिंकन यांनी त्यांना सरकारी नेमणूक दिली. ती नेमणूक योग्य होती का, यावर वरच्या वर्गात चांगली चर्चा होईल. मला स्वतःला अजून ठरवता आलेलं नाही.

ऑगस्ट 1834 मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि या वेळी 1376 मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकानं निवडून आले. दोन वर्षांत बदललं होतं ते एवढंच की पत्रं वाटत आणि जमिनी मोजत ते जिल्हाभर माणसांत गेले होते. राजधानी व्हँडेलियाला जायला धड कपडे नव्हते. कोलमन स्मूट या शेतकऱ्याकडून दोनशे डॉलर उसने घेतले आणि त्यांतल्या साठ डॉलरचा सूट शिवला. डोक्यावर दुकानाचं कर्ज आणि अंगावर उसन्या पैशांचा सूट, असा हा नवा आमदार सभागृहात शिरला.

इथपर्यंत सांगून थांबायचा मोह होईल. कृपा करून थांबू नका. आमदार म्हणून त्यांनी काय केलं हेही सांगा, कारण त्यात चुका आहेत.

चार निवडणुका ते सलग जिंकले, 1834 ते 1840. सँगमनचे नऊ प्रतिनिधी सगळेच उंच होते, त्यांना लाँग नाइन म्हणजे नऊ लांबुडके असं नाव पडलं होतं. या नऊ जणांना राजधानी आपल्या स्प्रिंगफील्डला आणायची होती, आणि फेब्रुवारी 1837 मध्ये त्यांनी ती आणली. त्याच अधिवेशनात रेल्वे, कालवे आणि नद्यांच्या कामांसाठी सुमारे एक कोटी डॉलरची योजना मंजूर झाली. ज्या जिल्ह्याला काहीच मिळत नव्हतं त्यालाही भरपाई म्हणून रक्कम ठेवली, म्हणजे कुणी विरोधात मत देऊ नये. पैसा कर्जाचा. लिंकन या योजनेचे कट्टर पाठीराखे होते. त्याच वर्षी देशात आर्थिक मंदी आली. कामं अर्धवट पडली, 1841 पासून राज्याला कर्जाचं व्याजही देता आलं नाही, आणि ते देणं फेडायला पुढची जवळजवळ चाळीस वर्षं गेली. पडझड दिसू लागल्यावरही योजना गुंडाळायला लिंकन तयार नव्हते.

मला यात न्यू सेलमचं दुकान दिसतं. नदी मोकळी झाली, रस्ता आला की गावाचं भलं होईल, ही 1832 च्या निवेदनातली कळकळ खरीच होती. पण उधारीवर माल भरायचा आणि गिऱ्हाईक येईल असं धरून चालायचं, ही दुकानातली चूकही त्यांच्यासोबत सभागृहात गेली. पहिलं देणं त्यांनी स्वतः फेडलं. दुसरं मात्र ज्यांनी मत दिलं नव्हतं त्यांच्या मुलांनी फेडलं. कर्ज काढून पूल आणि सभागृहं बांधणाऱ्या कुठल्याही लोकप्रतिनिधीकडे पाहताना मला हा फरक आठवतो.

आणखी एक प्रसंग. डिसेंबर 1840. स्टेट बँकेला वाचवण्यासाठी गणपूर्ती मोडायची होती. दारं लावून घेतली होती. सभागृहाची बैठक तेव्हा एका चर्चमध्ये भरत होती, लिंकन आणि त्यांचे एक-दोन सहकारी तिथल्या खिडकीतून बाहेर उडी मारून गेले. गणती आधीच झाली होती, उडी वाया गेली. पुढे त्यांना या गोष्टीची आठवण काढलेली आवडत नसे.

आणि याच माणसानं, याच सभागृहात, जानेवारी 1837 मध्ये एका ठरावाविरुद्ध मत दिलं. गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या संस्थांचा निषेध करणारा तो ठराव 77 विरुद्ध 6 मतांनी संमत झाला. त्या सहांत लिंकन होते. सहा आठवड्यांनी, 3 मार्चला, त्यांनी आणि डॅन स्टोन यांनी आपला लेखी निषेध सभागृहाच्या कामकाजात नोंदवला. गुलामगिरी अन्यायावर आणि चुकीच्या धोरणावर उभी आहे, असं त्यात म्हटलं होतं. मात्र निर्मूलनवाद्यांच्या प्रचारानं तिचे दुष्परिणाम वाढतात, असंही त्याच कागदावर आहे. त्यांचं वय अठ्ठावीस होतं. तारीख पाहा: राजधानीचा निर्णय झाल्यानंतर तीन दिवसांनी. आपल्या जिल्ह्याचं काम हातात पडेपर्यंत ते थांबले असावेत असं मला वाटतं. तरीही सही केली, दोघांनीच, आणि ती पुसली जाणार नव्हती. पूर्ण धाडस नव्हे, पूर्ण माघारही नव्हे. तेरा वर्षांच्या मुलामुलींना रोजच्या जगण्यात असेच प्रसंग येतात, एकट्यानं हात वर करायचे.

याच्या काही महिने आधी त्यांनी मतदानाबद्दल लिहिलं होतं, की जो कर भरतो किंवा शस्त्र उचलतो त्याला मत असावं, आणि त्यातून स्त्रियांना मुळीच वगळू नये. पण तिथेही शब्द गोऱ्यांपुरता होता. आपल्या शाळेत मुलीही तसबिरीखालून जातात, दलित आणि आदिवासी मुलंही जातात. त्यांच्यापाशी हे वाक्य दोन्ही बाजूंनी सांगायला हवं.

न्यू सेलम पुढे राहिलं नाही. जवळच्या पीटर्सबर्गला जिल्ह्याचं ठाणं गेलं आणि 1840 पर्यंत गाव ओस पडलं. लिंकन यांनीच त्या पीटर्सबर्गची आखणी केली होती. ते 1837 च्या एप्रिलमध्ये स्प्रिंगफील्डला वकिली करायला निघून गेले होते. तिथेही पहिल्या दिवशी गाठ पडली ती दुकानदाराशी. गादी-चादरीचे सतरा डॉलर ऐकून लिंकन यांनी ते उधारीवर मागितले, तेव्हा जोशुआ स्पीड यांनी त्यांना वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत राहायला जागा दिली. जुनं देणं अजून बाकी होतं, ते पुढे कितीतरी वर्षं थोडं थोडं जात राहिलं.

शेवटची विनंती. भिंतीवर लिंकन यांचं पत्र हवंच असेल तर खरं पत्र आहे. जुलै 1860. राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळालेली, देश फुटायला आलेला. त्यांचा मुलगा रॉबर्ट याचा मित्र जॉर्ज लॅथम हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला होता. लिंकन यांनी त्या पोराला बसून पत्र लिहिलं. तुझ्या अपयशाची बातमी वाचून मला झालं तेवढं दुःख क्वचितच झालं असेल, असं त्यात आहे. पण हे अपयश मनाला लावून घेऊ नकोस, पुन्हा बस, निश्चय सुटू देऊ नकोस, असंही आहे. त्यात हेडमास्तरांना उपदेश नाही. नापास झालेल्या एका मुलाशी, स्वतः कधीतरी दुकान बुडवून बसलेला एक माणूस बोलतो आहे.

12 फेब्रुवारीला त्यांची जयंती असते. त्या दिवशी परिपाठाला हे पत्र वाचा, आणि वाचायला शक्य तर अशा मुलाला सांगा की ज्याच्या घरच्या फळ्या यंदा लागल्या आहेत. आधी त्याला बाजूला घेऊन न्यू सेलमची गोष्ट सांगून ठेवा, म्हणजे सगळ्यांसमोर त्याचा आवाज अडकणार नाही.

आपला नम्र,
एका किराणा दुकानदाराचा मुलगा